चष्मेवाला, जाकीटवाला आणि आमचा रपटा

करडी
३ सप्टेंबर २०२५

व्याहीबुवा टिकारामजी यांना करडीहून वासुदेवचा रामराम.

पोळ्याच्या दिवशी तुमच्या घरी जेवताना जे झालं त्याची मला लाज वाटते. माझं म्हणणं चुकलं होतं म्हणून नाही. विहीणबाईंनी एवढ्या कष्टाने केलेल्या पोळ्या ताटात तशाच राहिल्या म्हणून. आणि तुम्ही हातवारे करून सांडलेली कढी माझ्या पायजम्यावरून अजून निघाली नाही म्हणून.

त्यानंतर आपण फोनवर भांडलो, आणि शुभांगीने दोघांच्या फोनमधून एकमेकांचे नंबर काढून टाकले. माझी मुलगी आणि तुमची सून, त्यामुळे हुकूम दोन्ही घरांत चालतो. "आता बोलायचं असन तर चिठ्ठ्या लिहा," ती म्हणाली, "चिठ्ठीत मधातच बोलता येत नाही." म्हणून लिहितो. परसराम दुधाचे कॅन घेऊन रोज आंधळगावावरून जातो, त्याच्या हाती देतो आहे. तो म्हणाला, "काकाजी, घरोघरी मोबाइल हाय, अन् मले कायले डाकिया बनवून राहिले?" त्याला काय सांगू?

तर मुद्दा. टीव्हीवर शुक्रवारी येतो तो चष्मेवाला आणि रविवारी येतो तो जाकीटवाला. दोघेही मुंबईत बसून पुढाऱ्यांची टिंगल करतात. पण टिंगल करण्यात फरक असतो, आणि तो तुम्हाला कसा दिसत नाही हेच मला कळत नाही. चष्मेवाला टेबलामागे बसतो, चहाचा घोट घेतो, मंत्र्याचं तीन वर्षांपूर्वीचं भाषण दाखवतो, मग कालचं दाखवतो, आणि गप्प राहतो. तेवढंच. त्या गप्प राहण्यातच सगळं असतं. मला तर त्याची एखादी गोष्ट जेवण झाल्यावर, हात धुताना कळते आणि मी तिथेच हसत सुटतो.

तुमचा जाकीटवाला काय करतो? ओरडतो. टेबलावर चढतो. पुढाऱ्याच्या चालण्याची नक्कल करतो. माणूस लंगडत चालतो यात त्याचं राजकारण कुठे आलं? आणि नक्कल करता करता मधेच गादीची जाहिरात करतो. मंत्री कसा झोपलेला आहे हे सांगायचं आणि लगेच म्हणायचं, तुम्हीही असे झोपा. मी कपाळाला हात लावला.

शुभांगीची आई आनंदाबाई म्हणते, "तुमी दोघं बुढे त्या टीव्हीवाल्यांसाठी काहून भांडून राहिले जी? तो का आपला धान कापाले येनार हाय?" तिला या विषयातलं कळत नाही. तुम्हाला कळायला हवं होतं.

भुपेंद्र जावयांना आशीर्वाद. चिखल्याच्या खाणीवरची ड्यूटी कशी चालली आहे ते कळवा.

वासुदेव


आंधळगाव
९ सप्टेंबर

वासुदेवराव, नमस्कार.

तुमचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मोतीबिंदूमुळे मला ते लागत नाही, म्हणून सूनबाई वाचून दाखवते. तिने कढीचा भाग दोनदा वाचला आणि दोनदा हसली. तेव्हा तुमची चिठ्ठी वाया गेली असं म्हणता येणार नाही.

आता माझं ऐका. हसण्यासाठी हात धुवेपर्यंत थांबायचं असेल तर मी टीव्ही कशाला लावू? तुमचा चष्मेवाला नाव म्हणून घेत नाही. "एक मोठे नेते." "आपले एक लाडके मंत्री." अरे बाबा, नाव घे ना! जीभ भाजते का? ज्याची टिंगल झाली तो स्वतःही सोफ्यावर बसून हसत असेल, की हे कोणाबद्दल बोलून राहिले बुवा. माझा माणूस नाव घेतो, गाव सांगतो, खातं सांगतो. त्याचा घाम निघतो घाम! तुमच्या माणसाला कधी घाम आलेला पाहिला? एसीत बसून गप्प राहायला काय लागतं, आमच्या दुकानातलं मांजरसुद्धा गप्प राहते.

लंगड्या माणसाची नक्कल केली ते मलाही आवडलं नाही, हे मान्य. पण तेवढंच मान्य.

असो. खरी बातमी वेगळी आहे. यंदा मंडई समितीचा अध्यक्ष मी आहे. दिवाळीनंतर ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी मंडईची जत्रा भरेल. दरवर्षी दुपारी आखरावर, गावाच्या मोकळ्या मैदानात, शाहिरांची खडी गंमत होते आणि रात्री नाटक, पण आमचे शाहीर आता उभे राहू शकत नाहीत आणि बसून खडी गंमत होत नाही. तेव्हा पोरांनी ठरवलं की यंदा टीव्हीवाल्यांसारखा कार्यक्रम करायचा. टेबल, खुर्ची, माइक, आणि गावाचं राजकारण. आणि बोलणार कोण, तर आमचा भुपेंद्र! तुमचा जावई!

पण रीत जुनीच राहील, हे मी समितीत ठासून सांगितलं. तुमच्याकडे ही रीत नाही म्हणून समजावतो. आमच्या आखरावर पाठीमागे कोणाची टिंगल होत नाही. ज्याची करायची त्याला आधी सुपारी द्यायची. सुपारी घेतली की त्याने पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून सगळं ऐकायचं. शेवटी उठून एक उत्तर द्यायचा हक्क त्याचा, तेव्हा बाकी कोणी तोंड उघडायचं नाही. आणि पुढच्या मंडईपर्यंत राग धरायचा नाही. सुपारी परत केली तर त्याचं नाव निघत नाही. तुमच्या मुंबईवाल्यांत आहे का ही हिंमत?

भुपेंद्र वीरेंद्रभाऊला सुपारी देणार म्हणतो. तुम्हाला माहीत आहे, खाणीवरून माल नेणाऱ्या गाड्या त्याच्या. वजनकाटा चुकवायला त्या गाड्या आमच्या गावातून काढतो आणि त्यांनी नाल्यावरचा रपटा, तो पाइपांवरचा ठेंगणा पूल, पार खचवला. पोरं सायकली खांद्यावर घेऊन नाला ओलांडतात. जनाबाई धानाच्या रोवणीहून येताना तिथेच पडली, ती अजून बाजेवर आहे. आणि हा गडी जिल्हा परिषदेचं तिकीट मागून राहिला.

पोराची छाती पाहा. मी तर दोन दिवस झोपलो नाही, आनंदाने.

टिकाराम


करडी
१८ सप्टेंबर

टिकारामजी,

तुम्ही आनंदाने झोपला नाहीत, मी तुमची चिठ्ठी वाचून झोपलो नाही.

वीरेंद्रभाऊच्या गाड्या कोण लावतं? भुपेंद्र. महिन्याचा पगार कोण देतं? वीरेंद्रभाऊ. मालकाच्या पुढ्यात उभं राहून मालकाची टिंगल करायची आणि सोमवारी त्याच्याच फाटकावर कामाला जायचं, हे तुमच्या जाकीटवाल्याच्या कार्यक्रमात शोभतं. त्याला त्या मंत्र्याने नोकरीवर ठेवलेलं नाही.

मी टिंगलीच्या विरुद्ध नाही. पण करायची असेल तर चष्मेवाल्याच्या पद्धतीने करावी. नाव कशाला? "एका गावात एक रपटा होता" एवढं म्हणावं आणि चहाचा घोट घ्यावा. लोक समजतात. लोक मूर्ख नाहीत. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि धरायला हातात काही येत नाही. तुम्ही याला भित्रेपणा म्हणाल. मी याला कला म्हणतो.

दुसरं असं, की जाकीटवाल्याची हिंमत तुम्ही फार गाता म्हणून मी मागचे भाग लावून पाहिले. ज्याची सत्ता गेली त्याच्यावर तो टेबलावर चढून ओरडतो. ज्याची सत्ता आहे त्याच्यावर खुर्चीत बसून ओरडतो. नीट पाहा. दिसेल.

धानावर तुडतुडा आला आहे, फवारणीत आहे. म्हणून जास्त लिहीत नाही. पण अध्यक्ष तुम्ही आहात, बाप तुम्ही आहात, पोराला आवरा. शुभांगीला मी त्या घरात दिली ती तुमच्या भरवशावर. हे वाक्य तिला वाचू देऊ नका.

वासुदेव


आंधळगाव
४ ऑक्टोबर

वासुदेवराव, दसऱ्याचं सोनं घ्या.

ते वाक्य तिने वाचलं. वाचणारी तीच आहे, मग न वाचता तिला कसं कळणार की हे वाचायचं नाही? थोडं डोकं लावत जा. वाचून गप्प राहिली आणि पुढचं वाचू लागली. तुमच्या चष्मेवाल्यासारखी.

खुर्चीत बसून ओरडण्याचं तुम्ही म्हणता ते मी पाहिलं. एका भागात तसं आहे. एकाच! पाय दुखत असेल त्याचा.

तालीम सुरू झाली. दुकानामागे धानाच्या पोत्यांमधे टेबल लावलं आहे. आधी भुपेंद्र तुमच्या पद्धतीने बोलला. एक वाक्य बोलला, पाण्याचा घोट घेतला आणि गप्प बसला. त्याची आई चंद्रकांता आतून धावत आली, "विसरला का गा? का झालं रे पोरा?" मग मी म्हटलं, माझ्या पद्धतीने कर. तो ओरडला तर शेजारची बकरी दावं तोडून पळाली आणि अर्धा मोहल्ला गोळा झाला. कार्यक्रम म्हणजे हा!

पण पोरगा आपल्या दोघांवरही वैतागला आहे. म्हणतो, "बाबा, तुमी जाकीट घेऊन मागं लागता, तिकडून सासरे चष्मा घेऊन मागं लागते. मले माह्यासारखं बोलू द्या ना जी!" त्याच्यासारखं म्हणजे कसं, हे त्यालाच अजून माहीत नाही. रात्री सूनबाई आणि तो काहीतरी खुसुरफुसुर करतात, कागद लिहितात. मला दाखवत नाहीत. अध्यक्षाला दाखवत नाहीत!

वीरेंद्रभाऊला सुपारी मीच नेऊन देणार आहे. अध्यक्षाचा मान असतो. छातीठोक देणार आणि म्हणणार, या, बसा पहिल्या रांगेत. तुम्हीही या. तुमची खुर्ची मी राखून ठेवली आहे, मागच्या रांगेत, सावलीत, जिथून आरामात गप्प राहता येईल.

टिकाराम


करडी
१५ ऑक्टोबर

टिकारामजी,

इकडे ठीक. तुडतुडा आटोक्यात आहे. मधे औषध आणायला तुमसरला गेलो होतो.

वीरेंद्रभाऊ सहज भेटला. बोलायला माणूस वाईट नाही. चहा पाजला. रपट्याचं त्याच्या डोक्यात आहे असं दिसतं. मोठ्या कामाला वेळ लागतो, आपण गावातली माणसं फार घाई करतो.

तुम्ही सुपारी दिली का? दहा दिवस झाले, तुमच्याकडून एक अक्षर नाही. चंद्रकांताबाईंची तब्येत बरी आहे ना? परसराम म्हणतो, तुम्ही त्याला पाहिलं की दुकानात आत निघून जाता.

चष्मेवाल्याचा मागच्या शुक्रवारचा भाग मला आवडला नाही. सारखा चहा पीत होता.

वासुदेव


आंधळगाव
२६ ऑक्टोबर

वासुदेवराव,

सहज भेटला! औषध आणायला गेले आणि वीरेंद्रभाऊ सहज भेटला! त्याच्या ऑफिसच्या माडीवर, पंख्याखाली, सहज!

काल भुपेंद्र चिखल्याहून आला तो गाडी उभी न करता तशीच आडवी टाकून घरात आला. वीरेंद्रभाऊने यार्डात सगळ्या ड्रायव्हर लोकांपुढे त्याला बोलावून सांगितलं, "तुझा सासरा येऊन गेला. हात जोडून म्हने, पोरगा लहान हाय, तुमचं नाव नाही घेनार. तुझा बापही येऊन गेला. आता आजोबाले पाठवतो का?" सगळे हसले. तो घरी येऊन ताटावर बसला आणि ताट सरकवून उठला.

हो, "तुझा बापही" म्हणाला तो. ते मी सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर शुभांगी सांगेल आणि ती माझ्यापेक्षा वाईट सांगेल. मी सुपारी घेऊन गेलो होतो. छातीठोकच गेलो होतो. जिना चढलो, तो समोर बसला होता, आणि म्हणाला, "या टिकारामजी, का सेवा करू?" माझ्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "भाऊ, मंडईच्या उद्घाटनाला तुमीच या जी." सुपारी खिशातच राहिली. परत येताना मोटरसायकलवर मला स्वतःचा इतका राग आला की मी ती सुपारी तोंडात टाकली आणि चावत चावत आंधळगावला आलो.

हे मी घरात सांगितलं. चंद्रकांताने डोक्याला हात लावला. भुपेंद्र मात्र एकदम थांबला. म्हणाला, "सुपारी तुमी खाल्ली?" मी म्हटलं, हो. "खाल्ली म्हन्जे घेतली," तो म्हणाला, "मग पहिल्या रांगेत तुमी. तुमची गंमत करीन मी." मी म्हटलं, अरे, मी अध्यक्ष! तो म्हणाला, "रीत तुमीच ठासून सांगितली ना समितीत?"

दुसरी सुपारी त्याने तुमच्यासाठी दिली आहे. या पाकिटात आहे, हाताला लागेल. नको असेल तर परसरामच्या हाती परत पाठवा. तुमचं नाव निघणार नाही. वीरेंद्रभाऊचंही निघणार नाही. त्याला सुपारी गेलीच नाही. तो उद्घाटन करून सोफ्यावर बसणार आणि आपण दोघे त्याच्या समोर माकडं बनणार.

दीड-दोन महिने आपण हिंमतीवर चिठ्ठ्या लिहिल्या वासुदेवराव. कोणाचा माणूस जास्त बोलतो, कोणाचा कमी बोलतो. मला आता जाकीटवाल्याचं तोंड पाहवत नाही.

सुपारी खायची की परत पाठवायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.

टिकाराम


करडी
५ नोव्हेंबर

टिकारामजी,

परसरामने सांगितलं की तुम्ही दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला मंडईची हकीकत सांगता, आणि तुमच्या हकिकतीत मी "बैलासारखा ओरडलो" असं येतं. म्हणून जे झालं ते लिहून पाठवतो. पुढे यावर वाद नको.

मी सुपारी परत पाठवली नाही. का, ते मला सांगता येत नाही. आनंदाबाई म्हणाली, "त्याच्या माडीवर हात जोडाले जाता येते, अन् जावयाच्या पुढं खुर्चीवर बसाले नाही येत?" मग मी ती खाल्ली. कडक होती. दाढेत अडकली.

दुपारची वेळ, आखर भरलेलं. पहिल्या रांगेत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर आपण दोघे, आणि बाजूला वीरेंद्रभाऊचा सोफा. भुपेंद्र आला. एका खिशात चष्मा, एका हातात जाकीट. टेबलाच्या या बाजूला चष्मा लावून बसला की मी, आणि त्या बाजूला जाकीट घालून उभा राहिला की तुम्ही.

चष्मा म्हणाला, "एका गावात एक रपटा होता. आता नाही. कोनी खचवला, मी नाव नाही घेत. लोक समजते." आणि पाण्याचा घोट घेतला.

जाकीट टेबलावर चढलं. "मी घेतो नाव! मुंबईच्या मंत्र्याचं घेतो! दिल्लीच्या मंत्र्याचं घेतो! कोनाच्या बापाले भीत नाही!"

"अन् रपटेवाल्याचं?"

"हळू बोल ना गा! त्याच्या हातून उद्घाटन हाय!"

आखर कोसळलं हसून. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तो कढी सांडण्याचा प्रसंग आला, मग माडीवर हात जोडण्याचा आला, मग मोटरसायकलवर सुपारी चावण्याचा. माझ्या चिठ्ठ्यांतली वाक्यं जशीच्या तशी! "मी याला कला म्हणतो." लोक हसले तेव्हा मला वाटलं खुर्चीसकट जमिनीत जावं. पण व्याहीबुवा, खरं सांगतो, लोकांच्या हसण्याचं मला एवढं लागलं नाही. सोफ्यावरच्या हसण्याचं लागलं. पोट धरून हसत होता. मांडीवर थाप मारून भुपेंद्रला म्हणाला, "वा जावई, वा! याले म्हनते गंमत!" त्याच्या गाडीने आपला रपटा खचवला, आणि तो आपल्या भित्रेपणावर हसत होता.

मग उत्तराची वेळ आली. मी दोन वाक्यं ठरवून आणली होती. सौम्य होती, चष्मेवाल्याला आवडली असती. उठलो, माइक हातात घेतला आणि ती वाक्यं आठवलीच नाहीत. "हसता का जी, वीरेंद्रभाऊ? तुमच्याच गाड्यांनं मोडला रपटा! जनाबाई तीन महिन्यांपासून बाजेवर हाय अन् तुमी मांडीवर थापा मारून राहिले!" हे मी बोललो. मोठ्याने बोललो, मान्य. माइक असताना मोठ्याने बोललो, हेही मान्य. पुढे काय काय बोललो ते मला आठवत नाही. आनंदाबाई म्हणते, मी टेबलावर हात आपटला. पण टेबलावर चढलो, असं तुम्ही सांगता ते खोटं आहे. एक पाय ठेवला होता.

त्याचे दोन लोक पुढे आले. तर मागून म्हाताऱ्या शाहिरांचा आवाज आला, "सुपारीवाल्याचं उत्तर चालू हाय. मधात कोनी बोलाचं नाही." ते थांबले. रीत तुमची, पण त्या दिवशी ती माझ्या कामी आली.

आता तुमचं. मला वाटलं, माझंच एवढं निघालं तर हा माणूस आता आखर पेटवणार. तुम्ही उठलात. माइक घेतला नाही. इतका वेळ गप्प उभे राहिलात की ढोलकीवाल्याला वाटलं तुम्ही विसरलात. मग अगदी हळू, गिऱ्हाइकाला भाव विचारावा तसं विचारलंत, "भाऊ, कधी बांधून देता?" आणि बसलात.

सगळं आखर सोफ्याकडे वळलं. वीरेंद्रभाऊने रुमाल काढला, तोंड पुसलं, "बघू" म्हणाला आणि नाटकाला न थांबता गेला.

मी कबूल करतो की तुमचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं. तेव्हा आता तुम्हीही कबूल करा की ते चष्मेवाल्याच्या पद्धतीचं होतं.

भुपेंद्र सोमवारी ड्यूटीवर गेले का? त्यांनी नाव घेतलं नाही, मी घेतलं. नाव घेऊ नका म्हणून महिनाभर तुमच्या मागे लागलो आणि शेवटी ते माझ्याच तोंडून गेलं. मला जेवण जात नाही. लवकर कळवा. तुम्ही लिहीत नसाल तर शुभांगीला लिहायला सांगा.

वासुदेव


आंधळगाव
१६ नोव्हेंबर

बाबा,

मामाजींनी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं, म्हणून मी लिहिते.

नोकरी गेली. सोमवारी फाटकावरच यांना सांगितलं की उद्यापासून येऊ नको, मंडईतच गंमत करत राहा. हे घरी आले. गाडी मात्र नीट उभी केली. सध्या दुकानात बसतात. तुमच्या भारी, उशिराच्या धानाची कापणी निघाली की तिकडे येतील. वीरेंद्रभाऊकडून रपट्याचे पाइप आले आहेत. नाल्याच्या काठाला पडून आहेत, बसवलेले नाहीत. तिकीट मिळेपर्यंत बसतील असं लोक म्हणतात, आणि नाही मिळालं तर पाइप परत नेतील असंही म्हणतात. जनाबाई काठी घेऊन अंगणापर्यंत येते.

तुम्ही जेवत नाही असं आईने सांगितलं. जेवत जा. तुम्ही आखरावर ओरडलात त्याचा मला राग नाही. तुम्ही त्या माडीवर हात जोडलेत, त्याचा आहे. ड्रायव्हर लोकांपुढे यांची मान खाली गेली ती तुमच्या ओरडण्याने नाही. नोकरी दुसरी पाहता येईल. त्या दिवशी यार्डातून घरी आले तेव्हाचा यांचा चेहरा मला अजून दिसतो.

आणि एक सांगायचं राहिलं. तो कार्यक्रम मी लिहिला होता. चिठ्ठी आली की मामाजींना वाचून दाखवायची मी, मग रात्री यांना सांगायची मी. चष्मा माझा, जाकीट माझं, "लोक समजते" हेसुद्धा माझं. लोक हसत होते तेव्हा मी मागे बायांमध्ये बसून होते. शेजारची बाई म्हणाली, "तुझा नवरा का बोलते वं!" मी हो म्हटलं.

तुम्ही दोघांनी माझ्या घराची काळजी करत एवढे कागद भरले. मला कोणत्या घरात दिली, कोणाच्या भरवशावर दिली. मी ते सगळं मोठ्याने वाचलं, तुमचंही आणि मामाजींचंही. नोकरी गेली तर तुला चालेल का, बोलू द्यायचं की नाही, हे मला दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मला चाललं असतं, बाबा. यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि मी तेव्हाच हो म्हटलं होतं.

सासूबाई सांगतात, या आखरावर आजवर कोणत्या बाईला सुपारी गेली नाही. म्हणून काल यांच्यासमोर हात पुढे केला आणि मागून घेतली. हे हसले, मग घाबरले, मग दिली. पुढच्या मंडईला पहिल्या रांगेत मी बसणार आहे. माझी काय टिंगल करायची ती करा, पोट धरून हसा. मग उठून उत्तर मी देणार.

दोघांच्या फोनमध्ये नंबर परत घालून दिले आहेत. माझं ते उत्तर चष्मेवाल्यासारखं होतं की जाकीटवाल्यासारखं, यावर तुम्ही दोघं नंतर फोनवर भांडा.

शुभांगी